ओलीचा आळ

शिकलेल्या घरात भिंतीला ओल आली की आधी गच्ची बघतात, मग शेजाऱ्याकडं संशयानं बघतात, आणि दोन्हीकडं काही हाताला लागलं नाही की भांडी घासणाऱ्या बाईकडं बघतात. श्यामलाबाईंना तिसऱ्या पायरीवर यायला दोन वर्षं लागली, एवढाच त्यांचा मोठेपणा.

घर राजारामपुरीतलं. वर गच्ची, पुढं कुंड्या, दारावर पितळी पाटी. श्यामलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा परगावी नोकरीला, शनिवार-रविवारचा पाहुणा. सून भैरवी जवळच्याच कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायची. ओल धरलेली भिंत मागच्या खोलीची. भिंतीच्या आत श्यामलाबाईंचा पलंग, भिंतीच्या बाहेर भांडी घासायची मोरी, आणि त्या मोरीत सकाळी सहाला चिमणाबाई.

गुडघ्याच्या उंचीवर भिंत फुगली होती. रंगाचे पोपडे सुटायचे, खाली पांढरा लोणा भुरभुरायचा, पलंगाच्या पायाला बुरशी चढायची. श्यामलाबाईंनी तीनदा रंग दिला. मग टाइल्स लावल्या. तर ओल टाइल्सच्या वर वीतभर चढून बसली, मला झाकता व्हय, म्हणत.

रंगपंचमी होऊन आठवडा झाला असेल. सोमवारी सकाळी विजयसिंह नावाचा वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार आला. पांढरेशुभ्र बूट, हातात मोबाइलएवढं यंत्र. यंत्र भिंतीला टेकवलं की ते किंचाळायचं.

"काय वं, ह्ये काय म्हनतंय?" चिमणाबाईनं मोरीच्या खिडकीतनं डोकावून विचारलं.

"ओल आहे म्हणतंय," यंत्राकडं बघत तो म्हणाला.

"हात लावला असता तरी कळलं असतं की."

विजयसिंहानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो श्यामलाबाईंशी बोलत होता. "मॅडम, केस सोपी आहे. पलीकडं मोरी, अलीकडं ओल. ह्या बायका बादल्यांनी पाणी ओततात, भिंत पिते. मोरी सगळी फोडायची, केमिकल मारायचं. पुढच्या सोमवारी माणसं पाठवतो."

श्यामलाबाईंनी चष्म्यावरून खिडकीकडं बघितलं. वर्गात खडू कुणी मारला ते माहीत असल्यासारखं.

"चिमणाबाई, तुम्हाला आमच्याकडे येऊन किती वर्षं झाली?"

"दोन झाली की."

"आणि ही ओल कधीपासून आहे?"

चिमणाबाईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. गणित साधं होतं, चुकीचं होतं, आणि उत्तर जुळत होतं.

"म्हंजे म्या भिजीवली व्हय भिंत?"

"मी तसं म्हणाले का? पाणी बेतानं वापरा, एवढंच मी कधीपासून सांगत होते. आणि 'मी' म्हणावं, 'म्या' नव्हे. मोरी फोडल्यावर बघू. पुढच्या सोमवारपासून तुम्ही येऊ नका."

आता हे 'बेतानं' म्हणजे काय, ते ऐका. दिवाळीपासून चिमणाबाई त्या घरची भांडी अर्ध्या बादलीत घासत होती. नळ सुतळीएवढा सोडायचा, ताटांवरचा साबण बोटानं निपटायचा, कंबर मोडेपर्यंत. तेवढं करूनही आळ तिच्याच नावावर.

पण खरी आग लागली ती समोरच्या दवाखान्यात. चिमणाबाई तिथं फरशी पुसायची, त्याच गल्लीत आणखी तीन घरं करायची. काउंटरवरची पोरगी रजिस्टरमधनं मान वर न करता म्हणाली, "चिमणाबाई, इथं नुसतं ओलं फडकं फिरवा हां. पाणी ओतू नका. श्यामलाबाई सांगत होत्या, तुमच्या हाताला जरा पाणी जास्त लागतं."

झालं. भिंतीची ओल भिंतीत राहिली, तिचा बोभाटा गल्लीभर झाला. आज पाणी जास्त लागतं म्हणतील, उद्या काम बरं नाही म्हणतील, परवा चारी दारं बंद. साठीला टेकलेल्या बाईचं नाव एकदा बिघडलं की ते दुरुस्त करायला कुठला मिस्त्री मिळत नाही.

आणि नाव कुणाचं? ज्या बाईनं तीस वर्षं भिंती उभ्या केल्या, तिचं!

चिमणाबाई मूळची राधानगरीकडची. लग्न होऊन उचगावात आली आणि चौथ्या वर्षी नवरा तापानं गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर घमेलं घेतलं आणि सयाजी गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून उभी राहिली. चुंबळ म्हणजे फडक्याची गुंडाळी, ओझ्याखाली डोकं वाचवणारी. ती चुंबळ तीस वर्षं उतरली नाही. घमेल्यात थापी आपटल्याच्या आवाजावरनं माल कडक की पातळ, ते ती सांगायची. सयाजी ओळंबा सोडायच्या आधी विचारायचा, "चिमणे, बरं हाय का?" ती एक डोळा मिटून बघायची आणि म्हणायची, "डाव्या अंगाला झुकलीय." झुकलेलीच असायची.

रागाला तर ती तेव्हाही अशीच. एका साइटवर ठेकेदार सिमेंटमध्ये राख मिसळायला लागला. सगळे गप्प. हिनं भरलेलं घमेलं मालकाच्या देखत ठेकेदाराच्या पायावर पालथं केलं आणि म्हणाली, "ह्यात तुझं घर बांध." तीन महिने तिला कुणी कामावर घेतलं नाही. चौथ्या महिन्यात सयाजीच घरी आला, "चल, तुझ्याबिगर माल जमंना."

राजारामपुरीतली कितीतरी घरं तिच्या डोक्यावरनं गेली. आर्किटेक्टचं नाव पाटीवर, ठेकेदाराचं नाव फलकावर, मालकाचं नाव पितळेत. बिगाऱ्याचं नाव कुठं? कुठंच नाही. गुडघे गेल्यावर तिनं भांड्याची कामं धरली. आणि पहिल्याच दिवशी श्यामलाबाईंना अभिमानानं सांगितलं, "बाई, ह्या घराच्या पायापासनं मी हुतो बगा हितं." श्यामलाबाई म्हणाल्या, "असं का? छान." पुढं पाहुणे आले की त्या हसत सांगायच्या, "आमच्या चिमणाबाई म्हणतात, हे घर त्यांनी बांधलंय." पाहुणेही हसायचे. त्यांच्या चहाच्या कपबश्या विसळत चिमणाबाई ते ऐकायची.

त्या सोमवारी दवाखान्यातनं ती तडक परत आली. चपलांसकट अंगणात उभी राहिली.

"बाई, तुमचा सोमवार यायला आठ दिस हायत. आठ दिसांत मी ह्या भिंतीचं दुखणं हुडकून दावतो. मोरीचं निगालं तर ह्या गल्लीत तोंड दावायचो न्हाय. न्हाय निगालं तर?"

"तर काय?"

"तर ज्या तोंडानं दवाखान्यात सांगितलंसा, त्याच तोंडानं तितं जाऊन सांगायचं."

श्यामलाबाई हसल्या. "इंजिनिअर होताय का आता?"

"त्याच्याकडं यंत्र हाय. माझ्याकडं डोस्कं हाय."

मागं उभी असलेली भैरवी फिसकन हसली आणि सासूनं बघितल्यावर खोकली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, चिमणाबाईनं मोरीच्या निचऱ्याच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला. भैरवीकडनं रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग मागून घेतला, पुडाच्या पुडा मोरीत ओतला, वर पाणी सोडलं आणि मोरी काठोकाठ भरून ठेवली. भांडी पुढच्या अंगणात, कुंड्यांशेजारी घासली. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

"भिंत मोरीचं पानी पीत असंल तर उद्यापतोर ही पलीकडं गुलाबी व्हायला पायजे," ती म्हणाली. "रंगपंचमी खेळू दे तिला."

आतल्या अंगानं तिनं ओलीच्या कडेनं कोळशानं रेघ ओढली. श्यामलाबाई ओरडल्या, "अहो! भिंतीवर रेघोट्या काय ओढताय?"

"भिंत सोलून निगालीच हाय की. आता काय तिला तीट लावायचीय?"

भैरवीनं पेन घेतलं आणि रेघेशेजारी तारीख आणि वार लिहिला. गणित शिकवणारी बाई. तिला आता यात गोडी वाटायला लागली होती.

बुधवारी मोरी गुलाबीगार भरलेली. आत भिंत करड्या रंगाची ओली. चिमणाबाईनं उलथन्यानं गिलावा खरवडला. करडाच. नखाएवढंही गुलाबी नाही.

"रंग गाळून येत असेल," श्यामलाबाई म्हणाल्या.

"आई, भिंत एवढी स्वच्छ पाणी गाळत असती तर आपण तिचंच प्यायलो असतो," भैरवी म्हणाली.

ओल मात्र मंगळवारच्या रेघेपाशी होती तिथंच होती. गुरुवारी सकाळी चिमणाबाई आली तेव्हाही ती तिथंच होती. नऊला, काम उरकून जाताना, तिनं पुन्हा बघितलं तर ओल रेघेच्या बाहेर दोन बोटं आलेली. मोरीत दोन दिवस कुणी पेलाभर पाणी ओतलं नव्हतं, आणि भिंत ओली होत होती! तिनं दुसरी रेघ ओढली. शुक्रवारी दिवसभर भिंत गप्प.

"बुधवारी वाढली नाही. गुरुवारी वाढली, शुक्रवारी पुन्हा नाही," भैरवी रेघांवर बोट फिरवत म्हणाली. मग तिचं बोट थांबलं. "मावशी, पाणी कधी येतं?"

राजारामपुरीत त्या गल्लीला पाणी एक दिवसाआड, सकाळी सहाला. त्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार, मग सोमवार.

"नळाच्या पान्याची हाय ही," चिमणाबाई म्हणाली. "लाईन फुटलीय कुटंतरी."

श्यामलाबाईंनी विजयसिंहाला फोन लावला. स्पीकरवर. "मॅडम, त्या भिंतीत पाइपच नाही," तो हसला. "मेन लाइन पुढच्या हौदात येते, तिथून मोटरनं गच्चीवर. नकाशा बघा." श्यामलाबाईंनी कपाटातनं घराचा नकाशा काढून पलंगावर पसरला. निळ्या रेघा, लाल रेघा, सह्या, शिक्के. मागच्या भिंतीत खरंच काही नव्हतं.

"बघा. नकाशात नाही," श्यामलाबाई म्हणाल्या.

"नकाशात मी बी न्हाय," चिमणाबाई म्हणाली. "म्हनून मी नव्हतो व्हय?"

शनिवारी ती सहाच्या आधीच आली. मोरी रिकामी करून घेतली, स्टीलचा पेला उपडा करून भिंतीला लावला आणि पेल्याच्या बुडाला कान. पुढच्या हौदात पाणी पडायला लागलं, त्याचा धबधबा लांबनं ऐकू येत होता. आणि मग जवळ, अगदी कानाशी, बारीक आवाज. सूऽऽऽ. ओठ दातांत धरून कुणी श्वास सोडावा तसा.

ती पेला सरकवत गेली. आवाज सगळ्यात मोठा जिथं आला तिथं पेला गुडघ्याच्या उंचीला होता. ती वाकली होती, डावा हात गुडघ्यावर, उजवा हात भिंतीशी, आणि त्या वाकण्यात काहीतरी ओळखीचं होतं. ह्याच जागेला ह्याच हातानं ती वाकलेली होती. एकदा नव्हे, रोज. सात महिने.

पत्र्याचे डबे भरायला.

तेव्हा मोरी नव्हती. ती मागनं बांधली. तेव्हा ही भिंत घराची शेवटची, बाहेर उघडं परडं, आणि ह्या भिंतीत बांधकामापुरता एक नळ. मेन लाइनपासनं जमिनीतनं घराला वळसा घालून मागं आणलेला फाटा. माल कालवायला, विटा भिजवायला, पाणी मारायला सगळं पाणी त्या नळाचं. आणि त्या नळाचं पुढं काय झालं, तेही तिला तिथंच, वाकलेल्या अवस्थेतच आठवलं.

पेला तिच्या हातातनं निसटून मोरीत पडला. केवढा तरी वाजला.

"काय झालं, मावशी?" आतनं भैरवी.

"काय न्हाय. पडला."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बावीस वर्षं झाली. सकाळचा मुहूर्त, आणि नळकाम करणारा महंमद मिस्त्री दोन दिवस उरसाला गेलेला. सयाजी म्हणाला होता, परवा येईल, मग करू बंद. पण तेवढी कुणाला सवड? सयाजीनं नळ खोलला, पाइपाच्या तोंडात बाभळीचा दट्ट्या तासून ठोकला. तो गळायला लागला. "चिमणे, चिंधी दे!" तिनं डोक्यावरची चुंबळ सोडली. जांभळ्या नायलॉनच्या पातळाची होती ती. वीतभर पट्टी फाडली आणि दट्ट्याला स्वतःच्या हातानं घट्ट गुंडाळून दिली. सयाजीनं तो ठोकला. थेंब थांबला. वरनं गिलावा मारला. लाकूड पाण्यानं फुगलं आणि वीस वर्षं इमानानं बसलं. दोन वर्षांमागं गल्लीत नवी लाईन पडली, पाण्याला जोर आला, सगळ्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आणि त्या जोरानं दट्ट्या झिरपायला लागला. नेमकी त्याच वर्षी ती ह्या घरी भांडी घासायला लागली.

उचगावला जाताना केएमटीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली आणि ती बसली नाही. दांडी धरून उभी राहिली आणि मनातल्या मनात शिव्या घालत राहिली. आधी सयाजीला, तो मेलेला असूनही. मग मुहूर्ताला. मग स्वतःला. खोट्या आळाशी भांडायला केवढी मजा येत होती आठवडाभर! छाती पुढं काढून. आणि आता? मोरी निर्दोष, पण चिंधी तिची. गल्ली काय म्हणेल? बघा, शेवटी निघाली तिचीच करणी!

न सांगितलं तर? कुणाला कळणार होतं? भिंत फोडतील, दट्ट्या निघेल, चिंधी निघेल. चिंधीवर काय नाव असतं?

रविवारी ती महंमद मिस्त्रीच्या दारात गेली. महंमदही आता साठीचा, पण हत्यारं अजून पिशवीत तेल लावलेली.

"काय चिमणाक्का, वाट चुकलीस?"

"उद्या राजारामपुरीत यायचं. भिंत फोडायचीय. छिन्नी आन, पितळी टोपन आन."

"कुठं फोडायची?"

"मी दावतो."

"तुला काय ठावं?"

"कानानं ऐकलंय," ती म्हणाली. खोटं नव्हतं. पण अर्धं होतं, आणि ते अर्धं तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं रात्रभर राहिलं.

सोमवारी विजयसिंहाची दोन माणसं मोरीत मशीन घेऊन उभीच होती. चिमणाबाई सरळ जाऊन मोरीत मांडी घालून बसली.

"चालवा. आधी माझ्यावर चालवा."

"मॅडम, ह्यांना उठवा हो," विजयसिंह म्हणाला.

"आई," भैरवी म्हणाली, "एक वीट. फक्त एक वीट काढून बघू. मोरी काय पळून जात नाही."

श्यामलाबाईंनी हात उडवले. महंमद खाली बसला. चिमणाबाईनं बोट ठेवलं तिथं त्यानं छिन्नी लावली. पहिल्या चार ठोक्यांत गिलावा ओल्या भाकरीसारखा सुटला. पाचव्याला आतनं फुर्रकन पिचकारी उडाली ती थेट विजयसिंहाच्या पांढऱ्या बुटांवर.

"ओ! ओ!"

"केमिकल हाय की," चिमणाबाई म्हणाली, "मारा!"

भैरवीनं पळत जाऊन पुढचा कॉक बंद केला. महंमदनं पकडीनं दट्ट्या ओढला. काळं पडलेलं लाकूड, मऊ झालेलं, आणि त्याभोवती पट्टी. लाकूड कुजलं होतं, नायलॉन नव्हतं. धुतल्यावर जांभळा रंगसुद्धा दिसला. महंमदनं पट्टी बघितली, मग चिमणाबाईकडं बघितलं. तीस वर्षं तिच्यासोबत साइटवर काम केलेला माणूस. चुंबळ ओळखली असणार. पण तो पिशवीत पितळी टोपण शोधायला लागला.

"शी!" श्यामलाबाई म्हणाल्या. "पाइपाला चिंधी? कुठल्या अडाणी बिगाऱ्याचं काम हे!"

"लेबर असलंच असतं, मॅडम," विजयसिंह बूट झटकत म्हणाला.

गप्प बसायला एवढी चांगली जागा पुन्हा मिळाली नसती. मोरी सुटली होती, आळ गेला होता, आणि अडाणी बिगारी कोण ते महंमद सोडून कुणालाच माहीत नव्हतं. चिमणाबाई उठली. गुडघे कटकन वाजले.

"म्या."

"काय?"

"म्या गुंडाळली चिंधी. माझ्या डोस्क्यावरची हाय. जांभळं पातळ, सासूनं घेतल्यालं. मी सांगतो, कारन काल रातभर ते माझ्या घशात हुतं, आता तुमच्या घशात घालतो." तिनं दट्ट्या महंमदच्या हातातनं घेतला आणि श्यामलाबाईंच्या समोर धरला. "सयाजी म्हनत हुता, परवा महंमद येतोय, टोपन लावून शिस्तीत बंद करू. कोन न्हाय म्हनलं? तुम्ही! पूजेचं पिवळं लुगडं हातात घिऊन ह्या हितं उभ्या हुतासा. 'पूजेच्या फोटोत तो नळ दिसता कामा नये.' आटवतंय? सयाजीनं दोनदा सांगितलं, बाई, गळंल. तुम्ही म्हनलासा, 'मुहूर्त थांबत नाही.' चिंधी माझी हाय, बाई. घाई तुमची हाय. मी माझं पदरात घेतलं. तुमचं?"

श्यामलाबाईंना ते सगळं आठवत होतं. तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. भिंतीवरच्या फोटोत वास्तुशांतीचा होम होता, पिवळी साडी होती, मागं कोरी करकरीत भिंत होती. नळ नव्हता.

"एवढ्या जुन्या गोष्टी..." त्या म्हणाल्या.

"भिंत विसरली न्हाय."

महंमदनं मध्ये पडून विषय कामावर आणला, नाहीतर त्या दिवशी शब्दानं शब्द वाढला असता. "हितं नुसतं टोपन लावून भागत न्हाय," तो म्हणाला. "फाटाच मेलेला हाय, तो मुळात तोडायचा." त्यानं पुढच्या कुंड्या हलवल्या, एक फरशी उचलली, हातभर खणलं आणि मेन लाइनला जिथं फाटा फुटत होता तिथं तो कापून आट्यांचं पितळी टोपण घट्ट बसवलं. कॉक सोडला. थेंब नाही. मागची भिंत उघडीच ठेवायला सांगितली. "ओला गिलावा सगळा काढा, टाइल्स बी काढा. भिंतीला श्वास घेऊ द्या. उन्हाळाभर रंग न्हाय, काय न्हाय." मग दबक्या आवाजात चिमणाबाईला, "म्हंजे मी उरसाला गेलतो, माझाबी गुन्हा म्हन की."

"तू असतास तर माझी चुंबळ वाचली असती, मुडद्या."

विजयसिंह माणसं घेऊन गेला. श्यामलाबाई पाण्याचा पेला घेऊन आतनं आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सापडलं. उद्यापासून या, चिमणाबाई."

"येतो. पर आपलं काय ठरलंय?"

"आता मी काय गल्लीत दारोदार जाऊन सांगत फिरू? लोकांना कळतंच."

"आळ कसा कळला लोकास्नी? आपोआप?"

ती निघाली. दुसऱ्या दिवशी सहाला गल्लीत आली, दवाखाना पुसला, तिन्ही घरं केली, श्यामलाबाईंच्या फाटकावरनं दोनदा गेली आणि आत वळली नाही. दट्ट्या तिच्या पदराच्या गाठीत होता. ज्या घरी गेली त्या घरी तिनं तो काढून दाखवला आणि सगळं सांगितलं, चिंधीसकट. दवाखान्यातली पोरगी म्हणाली, "मग तुमचीच चूक की, मावशी."

"माझी हायच. दुसऱ्या अर्ध्याची वाट बघालोय."

मोरीत भांडी साठली. भैरवीनं एक दिवस घासली, दुसऱ्या दिवशी तिचे दोन क्लास होते. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. चौथ्या दिवशी सकाळी चिमणाबाई दवाखान्याची पायरी पुसत होती तेव्हा फाटक वाजलं. श्यामलाबाई. रस्ता ओलांडून आल्या, काउंटरपाशी गेल्या, बीपी तपासायला आल्यासारखं करून म्हणाल्या, "ते, ओलीचं, मोरीचं नव्हतं हं ते. पाइप होता जुना."

"पुरं सांगा, बाई!" पायरीवरनं आवाज आला.

बाकावरचे चार पेशंट वळले. श्यामलाबाईंचे कान लाल झाले. पस्तीस वर्षं पोरांना उभं करून उत्तरं वदवून घेतलेली बाई. स्वतःवर ही वेळ पहिल्यांदाच.

"पाइपाचं तोंड नीट बंद केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग पायरीकडं बघून, "मीच करू दिलं नाही. मला घाई होती. चिमणाबाईंचा काही..." आणि मग, चिडूनच, "त्यांच्या हाताला पाणी जास्त लागत नाही. कमीच लागतं. ताटांना साबण राहतो."

"अर्ध्या बादलीत ऱ्हानारच की!" चिमणाबाई म्हणाली.

तिनं फडकं पिळून दांडीवर टाकलं, श्यामलाबाईंच्या मागोमाग रस्ता ओलांडला. मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा तशाच होत्या. त्या दिवशी पाण्याचा वार होता, आणि ओल रेघेच्या आत सरकलेली होती. श्यामलाबाई म्हणाल्या, "आलात ना?"

"आलो," चिमणाबाई म्हणाली, आणि श्यामलाबाईंनी तो शब्द न सुधारता तसाच जाऊ दिला.

मोरीत तीन दिवसांची भांडी डोंगरासारखी. चिमणाबाईनं पदर खोचला, पाट ओढला आणि नळ सोडला. सुतळीएवढा नाही. पुरा. पाणी पातेल्यांवर धो धो आपटलं, उडालं, भिंतीवर गेलं. आतनं 'बेतानं' म्हणून कुणी ओरडलं नाही.